पारसनिसांची फारसी आणि अल खोरचा नानवा

कतारमधल्या अल खोरहून दोहाला जायचं म्हटलं की आमच्याकडे आधी विचारतात, "कुणाला बरं नाही का?" पाऊण तासाचा रस्ता. त्यात वर्ल्ड कपला आठ-नऊ महिने उरलेले, त्यामुळे काल जिथे वळलो ते वळण आज तिथे असेलच असं नाही. पण या खेपेला कारण वेगळं होतं. कारण होतं आमचं आडनाव.

आम्ही पारसनीस. पारसनीस म्हणजे दरबारात फारसी पत्रं लिहिणारा, हे मला सासऱ्यांनी, म्हणजे अप्पांनी, बघण्याच्या कार्यक्रमातच सांगितलं होतं, आणि नंतर पाहुणा दिसला की पुन्हा. अप्पा आणि सासूबाई नाशिकहून तीन महिन्यांसाठी आले होते. एकदा जेवताना तीच हकीकत ते माझ्या नऊ वर्षांच्या इराला सांगत होते. इराला मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र इंग्रजीत येतं. घास गिळून ती म्हणाली, "बट आजोबा, यू कान्ट ईव्हन रीड इट."

चाळीस वर्षं पोस्टात कुणाचंही अक्षर लावणाऱ्या माणसाला हे लागलं, आणि ते मला दिसलं.

दुसऱ्या दिवसापासून अप्पा रोज कोपऱ्यावरच्या इराणी बेकरीतून रोटी आणू लागले. काम पाच मिनिटांचं, लागायचा तास. आम्ही पोळ्या खाणारी माणसं, त्यामुळे फ्रीझरमध्ये मटारला जागा उरली नाही. शेवटी मी बघायला गेले, तर अप्पा उलट्या क्रेटवर बसलेले, समोर पीठ पसरलेली फळी, आणि बेकरीवाले कासिमभाई त्यांचं बोट धरून गिरवून घेतायत.

"आगा, ये नून. नुकता ऊपर. नीचे दिया तो खलास, दूसरा अक्षर."

नून म्हणजे 'न', आणि नुकता म्हणजे त्याचं टिंब. भिंतीवर एक जुनी फारसी पाटी होती. त्यावरचा मोठा शब्द 'नानवा', म्हणजे रोटी भाजणारा. अप्पांचा धडा पहिला तोच, आणि तीन आठवड्यांनीही तोच, कारण प्रत्येक अक्षराला ते कासिमभाईंना मोडी लिपीची माहिती देत होते. पण 'आगा', म्हणजे साहेब, म्हणवून घेताना त्यांची मान जी ताठ व्हायची, ती घरी येईपर्यंत तशीच राहायची.

अशात मला दोहातल्या एका प्रदर्शनाबद्दल कळलं. इराणमधले सुरुवातीच्या काळातले फोटो, राजाराणीचे आणि साध्या माणसांचेही, खाली हाताने लिहिलेल्या फारसी ओळी. "तिथे इराला वाचून दाखवतो," अप्पा म्हणाले. परतीचं विमान आठ दिवसांवर होतं.

नवऱ्याची ड्यूटी होती, म्हणून गाडी मी काढली. गाव सोडताना काळ्या-पांढऱ्या तंबूसारखं नवं स्टेडियम दिसलं. "एवढा मांडव कुणाच्या लग्नाचा?" सासूबाईंनी विचारलं. दोन डायव्हर्जन चुकून लुसैलला पोचलो, गाडी मेट्रोपाशी लावली. आई-वडिलांना घेऊन जाणाऱ्यांनी हेच करावं; दिवसभराचा पास सहा रियाल, आणि दोहातल्या खोदकामात नवरा-बायकोचं भांडण होत नाही. मुशैरिबला गाडी बदलून सूक वाकिफला उतरलो. समुद्राकाठी, कॉर्निशच्या बाकावर बसून दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी खाल्ली. वर दोन-दोन रियालचा कडक चहा.

प्रदर्शनात गारवा आणि शांतता. इराणच्या तेव्हाच्या शहाला फोटोंचा भारी नाद. जनानखान्यातल्या बायकांचे फोटो स्वतः काढायचा आणि खाली स्वतःच लिहायचा. सासूबाई पहिल्याच फोटोपाशी थबकल्या.

"अगं, हिला मिशा आहेत."

ओठावरची लव तेव्हा तिकडे सौंदर्याची खूण मानत, असं शेजारी लिहिलं होतं. मी वाचून दाखवलं. सासूबाई बराच वेळ हलेनात. "आमच्या सुमाआत्याला तीन स्थळांनी नकार दिला," त्या म्हणाल्या. "तिला इकडे द्यायला हवी होती."

मला पुढचे फोटो आवडले. पखाल पाठीवर घेतलेला पाणक्या, रस्त्यात बसून डोकं भादरणारा न्हावी, मुद्गल पेललेला पहिलवान. सगळे श्वास धरल्यासारखे, कारण तेव्हा हललं की फोटो बिघडायचा. एका कोपऱ्यात एक पोरगी हललीच होती. तिचा नुसता धूर झाला होता. इरा म्हणाली, "दॅट्स मी."

अप्पा मात्र माणसांकडे बघतच नव्हते. चष्मा कपाळावर, नाक काचेला, नजर खालच्या ओळीवर. गार्डने दोनदा "सर, बॅक प्लीज" म्हटलं. शहाचं अक्षर म्हणजे घाईत लिहिलेलं औषधाचं चिठोरं. कासिमभाईंच्या पिठातली ठळक अक्षरं त्यात कुठेच नव्हती. एक दालन संपलं, दुसरं संपलं. अप्पांचे खांदे उतरत चालले. इरा मागून चालत होती आणि, देवाची कृपा, काही विचारत नव्हती. मला मात्र रडू यायला लागलं होतं. प्रदर्शनाचं मीच सुचवलं होतं ना.

शेवटच्या भिंतीवर एक भट्टी होती. मागे लांबलचक रोट्या टांगलेल्या, पुढे पीठमाखल्या हातांचा माणूस. खाली दुसऱ्याच कुणाच्या मोठ्या, सुट्या अक्षरांत एक शब्द.

"नानवा," अप्पा एवढ्या मोठ्याने म्हणाले की गार्ड धावत आला.

इराने शेजारची इंग्रजी पाटी बघितली. मग अप्पांकडे बघितलं. "बेकर," ती म्हणाली. "आजोबा, यू रेड इट."

परतताना अप्पा लुसैलपर्यंत सगळ्या पाट्यांमध्ये नून शोधत होते. अल खोरला घरी न जाता आधी बेकरी. मी अप्पा आणि कासिमभाईंचा भट्टीसमोर फोटो काढला. दोघंही श्वास धरून, अजिबात न हसता उभे राहिले. मी फोटो छापून आणला, तेव्हा खालच्या पांढऱ्या पट्टीवर, शहासारखं, अप्पांनी स्वतः फारसी अक्षरांत लिहिलं: 'नानवा आणि पारसनीस'. त्यासाठी दोन दिवस, अर्धी वही आणि इराचं सगळ्यात चांगलं पेन लागलं. निघताना म्हणाले, "मी गेल्यावर दे त्यांना. समोर बरं दिसत नाही."

ते गेले. फ्रीझरमध्ये मटार परत आले. मी आणि इरा फोटो घेऊन बेकरीत गेलो. कासिमभाईंनी वाचला, पुन्हा वाचला, आणि हसून हसून फळीला टेकले.

"आगा ने नुकता नीचे दिया. नानवा का बानवा. मेरे को बानू बना दिया, औरत."

"ठीक करून द्या ना," मी हिंदीत म्हटलं.

"नहीं, मैडम. आगा का हाथ है." आणि त्यांनी फोटो जुन्या पाटीशेजारी चिकटवला.

रात्री अप्पांचा व्हिडिओ कॉल. पहिला प्रश्न इराला. "दिला का गं फोटो? बरोबर लिहिलं होतं ना मी?"

इराने माझ्याकडे एकदा बघितलं.

"हो आजोबा," ती म्हणाली. "एकही चूक नाही म्हणाले कासिमभाई."

माझ्या लेकीचं हे पहिलं अख्खं मराठी वाक्य, आणि तेही खोटं.