भिंतीपलीकडचा रिमोट

दमनहूरच्या कापूस बाजारामागे खमीसचा कहवाखाना आहे. मालक म्हणून सगळे त्याला मुअल्लिम म्हणतात. माणूस तसा वाईट नाही. जुम्म्याची नमाज चुकवत नाही, गिऱ्हाइकाच्या हुक्क्यात शिळा तंबाखू भरत नाही. पण त्याच्या पोटात एक जुनं दुखणं आहे, आणि त्या दुखण्याचं नाव सब्री. सब्री म्हणजे त्याचा सख्खा धाकटा भाऊ.

बाप गेल्यावर दोघांनी मधोमध भिंत घालून कहवाखाना वाटून घेतला. रस्त्याकडची खोली थोरल्याला, गल्लीकडची धाकट्याला. मधल्या दाराला पडदा. खुर्च्या वाटल्या, हुक्के वाटले, डॉमिनोच्या पेट्यासुद्धा वाटल्या. वाटता आला नाही तो डिशचा रिसीव्हर. कहवाखान्याच्या नावावर फुटबॉलचे सामने दाखवणारं कार्ड एकच, ते बसतं रिसीव्हरमध्ये, आणि रिसीव्हर खमीसच्या फळीवर. शेवटी भिंतीला भोक पाडून सब्रीच्या टीव्हीपर्यंत वायर नेली. खमीस इकडे जे लावील तेच तिकडे दिसायचं. रिमोट खमीसच्या खिशात असायचा, आणि भिंतीपलीकडून तो चालतही नसे.

मोक्याची जागा मिळाली म्हणून खमीस आधी खुशीत होता. पण वर्ष सरायच्या आत जुनी गिऱ्हाइकं एकेक करून गल्लीत सरकली. चहा तोच, साखर तीच. सब्रीला माणसांचं ऐकून घेता यायचं, एवढाच काय तो फरक. खमीसला हे कळत होतं, म्हणून तर जास्त झोंबत होतं. बापाबरोबर तीस वर्षं एकाच टेबलावर बसलेला महरूसकाका आपली काठी घेऊन पडद्याआड गेला, त्या दिवशी खमीसनं जेवणाचं ताट दूर सारलं.

"गेला तर गेला," तो बायकोला म्हणाला. "पलीकडे ऊन येत नाही. सांधे धरतील मेल्याचे, मग येईल लंगडत."

महरूसकाकाचे सांधे धरले नाहीत. खमीसला एकच समाधान उरलं होतं. दिवसातून तीन-चार वेळा सब्रीला पडदा सारून त्याच्यापुढे उभं राहावं लागायचं.

"दादा, सामना सुरू झाला. लाव ना."

"बातम्या संपू देत."

"दादा, लोक खोळंबलेत."

"माझी माणसं आहेत ती बिनकामाची, आणि तुझे तेवढे पाशा, होय?"

पाच मिनिटं नाकदुऱ्या काढायला लावून मग खमीस रिमोट उचलायचा. त्या पाच मिनिटांवर त्याचा दिवस निघायचा. ही लाज वाटण्यासारखी गोष्ट आहे, पण खरी आहे.

एक दिवस सब्री आला तो डिशवाल्या वहीदला घेऊनच.

"दादा, वहीद म्हणतो, छोटा डोळा मिळतो. तो बसवला की रिमोट दुसऱ्या खोलीतूनही चालतो. एक टोक तुझ्या रिसीव्हरला जोडावं लागेल, म्हणून विचारतो."

खमीसच्या डोक्यात लख्ख उजेड पडला, पण भलत्याच ठिकाणी. त्याला वाटलं, आता आपला रिमोट सब्रीच्या खोलीत चालणार! इथं बसल्या बसल्या ऐन गोलाच्या वेळी त्याचा टीव्ही बंद करता येणार! हेव्यानं माणूस आंधळा होतो तो असा.

"अरे, विचारतोस काय? आपण काय परके?" म्हणत त्यानं स्वतः स्टूल आणून दिलं आणि वहीदला पुदिन्याचा चहा पाजला.

वहीद गेल्यावर खमीसनं रिमोट भिंतीकडे रोखला आणि टीव्ही बंद करायचं बटण दाबलं. काही झालं नाही. पुन्हा दाबलं. तेवढ्यात समोरच्या बातम्या आपोआप गेल्या आणि जुना सिनेमा लागला.

"मुअल्लिम, तुमच्या टीव्हीत जिन्न शिरला!" कोपऱ्यातला न्हावी ओरडला.

"जिन्न कसला!" पडद्याआडून महरूसकाका हसला. "हुकूम आमचा, टीव्ही तुमचा! डोळा इकडे बसवलाय रे, दुसरा रिमोटही आणलाय, इकडं बटण दाबलं की वायरीतून तिकडे पोचतं!"

खमीसच्या अंगाचा तिळपापड झाला. त्याहून वाईट पुढेच होतं. त्याची स्वतःची गिऱ्हाइकं आता त्याला विचारीनाशी झाली. भिंतीकडे तोंड करून हाक मारायची, "ए सब्री, हे रडगाणं बदल रे!" आणि बदलायचं. तीन आठवडे पडदा हलला नाही. सब्रीला यायचं कारणच उरलं नव्हतं. खमीस मात्र दर थोड्या वेळानं पडद्याकडे बघायचा.

गुरुवारी संध्याकाळी मोठा सामना होता. दोन्ही खोल्या भरल्या होत्या. सामना सुरू व्हायला दोन मिनिटं असताना खमीस उठला, शेतीचा कार्यक्रम लावला आणि फळीमागे हात घालून डोळ्याची वायर उपसली. टीव्हीवर एक डॉक्टर म्हशीचा खूर दाखवत होता.

"मुअल्लिम, सामना!"

"थांबा जरा."

आता येईल, खमीस मनात म्हणाला. येईल आणि म्हणेल, दादा, लाव ना. येऊ दे फक्त. या वेळी लगेच लावीन, वल्लाही, एका शब्दानं अडवणार नाही.

पलीकडे बटणं दाबल्याची टकटक झाली. मग सब्रीचा आवाज आला. आवाजात राग नव्हता.

"राहू द्या. दादाच्या मनात नसेल. बंद करा टीव्ही."

मग महरूसकाका खाकरला आणि पूर्वीच्या रेडिओवाल्याच्या थाटात सुरू झाला, "श्रोतेहो! चेंडू न्हाव्याच्या पायात! न्हावी धावतोय, वस्तरा विसरून धावतोय!" तिकडची खोली हशानं फुटली. आपलं नाव ऐकून न्हावी ताडकन उठला, चहाचा पेला हातात घेऊन पडदा सारून आत गेला. त्याच्या मागून दोघे गेले, मग आणखी चौघे, मग उरलेले सगळे.

खमीसनं घाईघाईनं सामना लावला.

"लावला रे! सामना लावला!"

कुणी ऐकलं नाही. पलीकडे महरूसकाकानं गोल केला आणि सगळी खोली उठून नाचली. इकडे खऱ्या मैदानावर बावीस माणसं धावत होती आणि त्यांना बघायला एकटा खमीस होता.

तो उठला. फळीमागे चाचपडत डोळ्याची वायर पुन्हा जोडली, नीट बसली का ते दोनदा पाहिलं. मग मुद्दाम म्हशीचा डॉक्टर पुन्हा लावला, रिमोट टेबलावर पालथा ठेवला, आणि पलीकडून कुणीतरी बदलेल म्हणून टीव्हीकडे बघत बसला.

डॉक्टरनं चारही खूर दाखवून संपवले. कुणी बदललं नाही.