झाडावर लाल झालेल्या मिरच्या
गॅसवर ढोबळी मिरची भाजताना साल करपल्याचा वास आला, की मला लग्नानंतरचं पहिलं वर्ष आठवतं. अमडापूरजवळच्या आमच्या वावरात सासऱ्यांनी पहिल्यांदाच ढोबळी मिरची लावली होती. तोडणी लांबली, मिरच्या झाडावरच लाल झाल्या आणि हिरवीच पाहिजे म्हणत व्यापाऱ्यानं माल परत पाठवला. सासरे दोन दिवस वावराकडे फिरकले नाहीत. सासूबाई एक टोपली उकिरड्यावर ओतायला निघाल्या, तेव्हा मी ती मागून घेतली आणि मिरच्या चुलीच्या निखाऱ्यांवर ठेवल्या. “काऊन जाळून राह्यली वं?” सासूबाई ओरडल्या. काळ्या पडलेल्या मिरच्या मी पातेल्यात झाकून ठेवल्या. थोड्या वेळानं साल अलगद निघाली आणि आतला गर लालभडक, लोण्यासारखा मऊ होता. त्यात ठेचलेला लसूण, मीठ आणि कच्चं तेल घालून भाकरीबरोबर वाढलं. सासऱ्यांनी एक घास खाल्ला आणि ताट पुढे केलं. “हे आपल्याच वावरातली हाय ना, पोरी? वाढ मले अजून.” दुसऱ्या दिवशी सासूबाई टोपली घेऊन गल्लीभर फिरल्या, “आमची सून भाजते तशी भाजून पाहा,” म्हणत. आता सासरे दरवर्षी मिरचीची एक ओळ मुद्दाम लाल होऊ देतात, आणि तिला माझ्याशिवाय कुणी हात लावत नाही.