डी ड्राइव्ह करायला गेले तेव्हा

बाबांची मिल बंद झाली आणि आमच्या छत्रीबागेतल्या घरात कॉम्प्युटर आला. आई पूर्वी एका वकिलाकडे टाइपरायटरवर हिंदी टायपिंग करायची. आता ती घरीच विद्यार्थ्यांचे प्रबंध टाइप करू लागली. स्क्रीनवर इंग्रजीत काही आलं की मला हाक मारायची. इंग्रजी शाळेत शिकलेली घरात मी एकटी. मला शब्द कळायचे. मशीन कळत नव्हतं, पण हे मी कधी बोलून दाखवलं नाही.

त्या वर्षी आईकडे महूच्या एका शाळेतल्या मॅडमचा हिंदी प्रबंध होता. विषय, महूतल्या फौजी घरांमधल्या बायका. मॅडमचे आजोबाही पलटणीतलेच. पाच प्रकरणं त्यांनी वहीत लिहून दिली होती, सहावं मात्र तीन रविवार आईशेजारी बसून तोंडी सांगितलं. त्याचा कागद कुठेच नव्हता. फ्लॉपीवर घ्यायचंही राहून गेलं होतं. मंगळवारी प्रबंध युनिव्हर्सिटीत जमा करायचा होता.

कॉलेजात कुणीतरी मला सांगितलं होतं, सगळं सी ड्राइव्हवर ठेवू नये, विंडोज बिघडलं की फायली जातात. डिस्कचे दोन भाग करून काम डी वर ठेवावं. शुक्रवारी दुपारी मी तेच करायला बसले, मॅडमचा प्रबंध सुरक्षित राहावा म्हणून. सूचना आली की या भागातला सगळा डेटा नाहीसा होईल. मी ती नीट वाचली. मला वाटलं, भाग म्हणजे नवा, रिकामा भाग. मी 'वाय' दाबलं.

मशीन सुरूच होईना. घाबरून मी सीडी घालून फॉरमॅट केलं आणि विंडोज परत टाकलं. निळा पडदा आला, चिन्हं आली. आईचं फोल्डर नव्हतं.

"लूमवर धागा तुटला तर दिसतो तरी," बाबा म्हणाले. "हे काय, मशीन चालू आणि कपडा गायब."

आई रागावली नाही. "तुला तर इंग्रजी येतं ना गं?" एवढंच तिने विचारलं.

शनिवारी बाबांनी कॉम्प्युटरचा डबा स्कूटरवर पायांमध्ये ठेवून नेला, आम्ही दोघी टेम्पोने भंवरकुआंला दुरुस्तीच्या दुकानात पोचलो.

"भिया, कुछ हो सकता है क्या?" बाबांनी विचारलं.

"अंकलजी, बिगड़ने के बाद किसी ने हाथ लगाया?" दुकानदार म्हणाला.

"मैंने," मी म्हटलं. "फॉरमॅट किया. विंडोज डाली."

"बस, वहीं गड़बड़ कर दी दीदी. माल तो अंदर ही पड़ा था. वैसे का वैसा ले आते तो पूरा निकल आता. अब विंडोज जिसके ऊपर बैठ गई, वो गया."

संध्याकाळपर्यंत त्याने काही फायली काढल्या. त्यांना नावं नव्हती, नुसते आकडे. एक उघडली तर इंग्रजी अक्षरांच्या ओळीच्या ओळी, एकही शब्द धड नाही.

"कचरा है," तो म्हणाला. मीही मान हलवली.

आई पुढे वाकली. तिची बोटं काउंटरच्या काचेवर चालू लागली. "कचरा नाहीये. हे माझं टायपिंग आहे. यांच्याकडे आपला फॉन्ट नाही, म्हणून बटणांवरची अक्षरं दिसतायत." आणि काचेवर बोटं चालवत तिने अख्खी ओळ हिंदीत वाचून दाखवली.

"वा आंटी! हमारे सॉफ्टवेअर से तो आप अच्छी हो," दुकानदार म्हणाला. बाबा दोन दिवसांत पहिल्यांदा हसले.

अशी एकेक फाइल आईने ओळखली. पाच प्रकरणं निघाली, दुसऱ्यातली काही पानं सोडून. सहावं निघालं नाही. "और एक देखो ना भिया," आई म्हणत राहिली, आणि तो बिचारा उघडत राहिला.

रविवारी मॅडम आल्या. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते. "मशीन बिघडलं," आईने सांगितलं. माझं नाव घेतलं नाही. मीही घेतलं नाही.

"बाप रे ताई, ते तर मी कुठे लिहिलंच नव्हतं. बोलत गेले आणि जमत गेलं." मॅडमनी खुर्ची आईशेजारी ओढली. "चला, परत सांगते."

आईने कीबोर्डवर हात ठेवले. मॅडमनी एक वाक्य सांगितलं. "नाही, असं नव्हतं. थांबा हं." दुसरं सांगितलं, तेही खोडायला लावलं. आईची बोटं तशीच अधांतरी. आधी एकोणीस पानं होती. दुपार संपेपर्यंत चार झाली.

निघताना मॅडमनी पिशवीतून एक कागद काढला. प्रबंधाचा इंग्रजी सारांश. "बेटा, तुझी इंग्लिश चांगली आहे ना, जरा बघून देतेस?"

त्यात लिहिलं होतं, शेवटच्या प्रकरणात सात बायका स्वतःच्या शब्दांत आपलं आयुष्य सांगतात. आता त्या चार पानांत एकीचंच बोलणं उरलं होतं. मी ते वाक्य पेनने खोडलं आणि कागद त्यांच्यापुढे धरला.

"हां, आता ते काढावंच लागेल," मॅडम म्हणाल्या, आणि पुढच्या वाक्यातलं व्याकरण बरोबर आहे का, ते विचारू लागल्या.