पूर्ण मदतीचे चौकोन

बंद दाराबाहेर मला अजून धड उभं राहता येत नाही. माझी लेक बाथरूममध्ये गेली आणि तिला जरा जास्त वेळ लागला, की मी नकळत जिन्यापाशी थांबते आणि आत काही धडपडलं का ते ऐकत राहते. "मॉम, आर यू स्टँडिंग देअर अगेन?" ती आतून ओरडते. ती सोळा वर्षांची आहे, धडधाकट आहे, आणि आईचं हे वेड तिच्या डोक्यात जातं. त्यामागचं कारण मी तिला कधी सांगितलेलं नाही. ज्या दाराबाहेर मी खरी उभी होते ते कॅनडातल्या केंब्रिज गावच्या एका प्राथमिक शाळेतलं होतं, आणि आत दुसऱ्या कुणाची तरी मुलगी होती.

दोन हजार सालानंतरची ती सुरुवातीची वर्षं. नवऱ्याला सॉफ्टवेअरची नोकरी मिळाली म्हणून आम्ही इकडे आलो. नागपूरला मी ज्युनिअर कॉलेजात केमिस्ट्रीची प्रॅक्टिकल्स घ्यायची. इथे माझ्या एम.एस्सी.ला काळं कुत्रं विचारेना. इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत एक ताई भेटल्या. पंचवीस-तीस वर्षांपूर्वी मुंबईहून आलेल्या, मिसिसागात स्वतःची छोटी एजन्सी चालवणाऱ्या. अपंग मुलांना शाळेत भरवायला, उचलायला, वॉशरूमला न्यायला त्या बायका पाठवायच्या. शाळेकडून मिळणारी मदत पुरत नसे, म्हणून काही मुलांचा हा खर्च आईवडिलांच्या आरोग्य विम्यातून निघायचा. फॉर्म आम्ही भरायचो आणि त्यावरून विम्याचं बिल ताई करायच्या. सहा महिन्यांचा कोर्स करून मी त्यांच्याकडे लागले. आईला फोनवर सांगितलं, शाळेत नोकरी लागली. ती समजली की मी शिकवते, आणि मी तिला तसं समजू दिलं.

माझ्या वाट्याला आली ती मुलगी नऊ वर्षांची होती. जन्माच्या वेळी मेंदूला इजा झालेली, त्यामुळे दोन्ही पाय ताठ, उजवा हात वळलेला. बसायची व्हीलचेअरमध्ये. डोकं मात्र असं तल्लख की मास्तरांच्या फळ्यावरच्या चुका काढायची. वडील गाड्यांच्या कारखान्यात लाइनवर होते आणि तिचा खर्च त्या कारखान्याच्या विम्यातून यायचा. आई पोर्तुगीज बेकरीत पहाटेपासून उभी. मला ती मुलगी 'मिस' म्हणायची, आणि पहिल्याच दिवशी म्हणाली, "मिस, तुझे हात फार गार आहेत. पुढच्या वेळी आधी गरम पाण्याखाली धर." मला राग आला. कुणाचं शी-शू काढायला आपण एवढं शिकलो का, हे मनात होतंच, वरून ही हुकूम सोडते. दुसऱ्या दिवशी मी हात गरम करून गेले.

फॉर्म साधा होता. दिवसाचे पंधरा-पंधरा मिनिटांचे चौकोन. प्रत्येक चौकोनात काय केलं आणि किती मदत लागली ते लिहायचं: पूर्ण मदत, थोडी मदत, नुसती देखरेख. महिन्याच्या शेवटी आईची सही घ्यायची. ती बिचारी पिठाच्या हातांनी, न वाचताच सही करायची आणि वर मला गोड पावाची पिशवी द्यायची.

दुसऱ्या वर्षी मुलीच्या मनाने घेतलं की वॉशरूमला एकटीने जायचं. खुर्चीतून भिंतीच्या दांड्याला धरून उठायचं, वळायचं, बसायचं, इलॅस्टिकची पँट डाव्या हाताने वर ओढायची. आपण दिवसातून दहा वेळा न बघता करतो ते. तिला त्यासाठी एक अख्खा हिवाळा लागला. कितीदा पडली, कितीदा पँट ओली झाली, कितीदा माझ्यावर खेकसली. मी हात पुढे केला की म्हणायची, "नको. तू मध्ये येतेस म्हणून मी चुकते." मीही काही गरीब गाय नव्हते. एकदा मी तिला सरळ सांगितलं, तुझ्या हट्टापायी माझं जेवण राहतं. तिने वर न बघता सांगितलं, "मग जेव ना."

मार्चमध्ये एक दिवस तिने मला बाहेर काढलं. दार लावून घ्यायला लावलं. मी हॉलवेमध्ये उभी राहिले. मुलांचे बर्फाने भिजलेले बूट भिंतीला ओळीने लावले होते, त्यांच्याखाली पाणी साचलेलं. आतून दांड्यावर काहीतरी आपटल्याचा आवाज आला, मग बराच वेळ काहीच नाही. मी हँडलला हात लावला आणि काढून घेतला, असं तीनदा झालं. मग फ्लशचा आवाज आला, नळाचा आला, आणि आतून हाक आली, "आता ये." ती खुर्चीत बसली होती. घामाघूम. एक मोजा ओला, पँट मागून वाकडी. मी रडले, अगदी मोठ्याने. तिला ते आवडलं नाही. म्हणाली, "रडू नकोस. लिही."

मी लिहिलं. त्या दिवसाच्या चौकोनात 'नुसती देखरेख' लिहिलं, पुढच्या चार दिवसांतही लिहिलं. शुक्रवारी फॉर्म फॅक्स केला आणि सोमवारी शाळा सुटल्यावर ताईंचा फोन आला.

"अगं, हे काय लिहिलंयस तू?"

"ताई, ती एकटी जाते आता! मी फक्त बाहेर उभी असते."

"चांगलं आहे गं, आय ॲम सो हॅपी फॉर हर. पण इन्शुरन्सवाला पोरीला बघत नाही, चौकोन बघतो. सुपरव्हिजन दिसलं की क्लेम रिजेक्ट. मग ते तिचे अवर्स कट करणार. उद्या पडली ती आत, तर उचलणार कोण? टीचर?"

मी फोन एका कानावरून दुसऱ्या कानावर घेतला.

"आणि तुझेही अवर्स जातील, ते वेगळंच," ताई म्हणाल्या. "मी नवीन फॉर्म पाठवते. नीट भर."

ताई वाईट नव्हत्या. त्या म्हणत होत्या ते खरंच होतं, ती अजूनही आठवड्यातून एकदा पडायची. पण तिचे तास म्हणजे माझे तास, हेही मला त्याच क्षणी कळलं होतं आणि मी ते स्वतःपासून लपवणार नाही. नागपूरला माझे विद्यार्थी जर्नलमध्ये उत्तर आधी लिहायचे आणि रीडिंग मागून बसवायचे. मी त्यांची जर्नलं फेकून दिली होती, एकेकाला वर्गाबाहेर उभं केलं होतं. आता मीच निळ्या पेनाने चौकोनामागून चौकोन भरले, 'पूर्ण मदत', 'पूर्ण मदत', आणि अक्षर नेहमीसारखं सुबक आलं.

"लिहिलंस?" दुसऱ्या दिवशी तिने विचारलं.

"हो," मी म्हटलं. फॉर्म लावलेला क्लिपबोर्ड मी छातीशी धरला होता.

त्यानंतर तिने पुन्हा विचारलं नाही. माझ्यावर तिचा विश्वास होता. दीड वर्ष ती रोज एकटी जात राहिली, मी रोज दाराबाहेर उभी राहिले आणि रोज खोटं लिहीत राहिले. मुलगी घरी सांगायची, पण करू देऊन बघायला तिच्या आईला वेळ नसायचा, ती तिला उचलून पाच मिनिटांत सगळं आटपायची. म्हणजे मुलीला हे जमतं याची खात्री, ताई सोडल्या तर, जगात आम्हा दोघींनाच होती.

मग त्यांनी घर बदललं, मुलीची शाळा बदलली. नव्या शाळेत दुसऱ्या एजन्सीची बाई होती. मलाही त्याच सुमारास एका कॉलेजच्या लॅबमध्ये काम मिळालं आणि मी ताईंची नोकरी सोडली. पहिल्या थंडीत ताईंचा फोन आला. नव्या शाळेने जुने फॉर्म मागवले होते. मुलगी काहीतरी वेगळं सांगते आहे म्हणाल्या. "फॉर्मप्रमाणेच होतं ना सगळं?" ताईंनी विचारलं. त्यांना सगळं ठाऊक होतं. आवाजावरून कळत होतं की त्यांना एकच उत्तर हवं आहे. "फॉर्मप्रमाणेच," मी म्हटलं, आणि मग आम्ही हळदीकुंकवाच्या तारखेबद्दल बोललो.

यानंतर तो आवाज सुरू झाला. लॅबमध्ये स्टँडवर क्लॅम्प आपटला की मला तो वॉशरूमचा दांडा वाटायचा आणि माझा हात थबकायचा. मॉलमध्ये व्हीलचेअर दिसली की मी दुसऱ्या रांगेत वळायची. मी नवऱ्याला सांगितलं, तो म्हणाला, विसर, तू तिच्या भल्यासाठीच केलंस. मला ते पटवून घ्यायचं होतं. पटलं नाही.

तीन वर्षांनी एका शनिवारी ग्रोसरीच्या दुकानात, मी दुधाच्या पिशव्या उचलत असताना मागून कुणीतरी मला मिठी मारली. तिची आई. तशीच, पिठाचा वास येणारी. आणि तिच्यामागे खुर्चीत ती. चौदा-पंधरा वर्षांची, जाड झालेली, ओठांना गुलाबी रंग लावलेला. खुर्ची आता मोठी होती, छातीला पट्टा होता, आणि मांडीवरच्या ब्लँकेटखाली काय बांधलं आहे ते त्या कामातल्या बाईला लगेच कळतं. मला कळलं.

"बघ ना," आई म्हणाली, "नव्या शाळेने पहिल्या दिवसापासून डायपर लावलं. झोळीत घालून मशीनने उचलतात, दोन बायका. फाइलमध्ये तसंच होतं म्हणाले, तिला एकटीला उठू देणं सेफ नाही. ही किती ओरडली! म्हणाली, मी एकटी जायचे, मिसला विचारा. आम्ही विचारलंही, एजन्सीने कागद पाठवले. आता पायच धरत नाहीत तिचे." तिने माझा हात धरला. "तू सांग, डियर. तू तर रोज होतीस. जायची का ती एकटी?"

मुलगी माझ्याकडे बघत होती. रागाने नाही. फळ्यावरची चूक मास्तर आता सुधारतील अशी वाट बघायची, तशी बघत होती.

माझी नागरिकत्वाची परीक्षा तीन आठवड्यांवर होती. त्या फॉर्मवर माझ्या सह्या होत्या, आणि या बाईच्याही. खोटं लिहिलं हे बाहेर आलं तर विमेवाले तिच्या नवऱ्याच्या मागे लागतील, ताईंच्या मागे लागतील, माझ्या मागे लागतील. हे सगळं मी त्या एका क्षणात मोजलं. माणूस इतक्या भरभर मोजू शकतो याची मला अजून घृणा वाटते.

"खूप प्रयत्न करायची," मी म्हटलं. "फार हुशार मुलगी. पण मदत लागायची."

आईने मान हलवली, सुस्कारा सोडला. मुलीने खाली बघितलं. डाव्या हाताने ब्लँकेटची एक सुरकुती नीट केली. मग तिने वर बघून, मला अवघडल्यासारखं होऊ नये म्हणून, हळू आवाजात म्हटलं, "इट्स ओके, मिस. लहान होते मी. मला चुकीचं आठवत असेल."

आणि मी हसून मान डोलावली.