कुलूपकाकूंचा काटा

वनखात्याच्या कचेरीत तळघरातली एक खोली गेली बावीस वर्षं एकाच बाईच्या ताब्यात होती. शिकाऱ्यांकडून पकडलेला मुद्देमाल खटला आणि अपील संपेपर्यंत तिथं राहायचा. कमरेला किल्ल्यांचा जुडगा, म्हणून सगळे तिला कुलूपकाकू म्हणत. कुलूप काढण्याआधी काकू डोळे मिटून देवाचं नाव घेत. मग सख्खा भाऊ आला तरी सहीशिवाय आत पाऊल नाही.

एकदा बिबट्याचं ओलं कातडं आलं. फोटो काढून कापडी पिशवीत शिवलं, लाखेचं सील लावलं. वजन तीन किलो दोनशे. तेव्हापासून दर एक तारखेला काकू ती पिशवी सीलसकट काट्याला लावत, वजन वहीत लिहीत, पहारेकऱ्याची सही घेत.

साहेब हसायचे. "काकू, कातडं काय बाळसं धरणार आहे?"

"न का धरेना. आपल्या ताब्यातलं आपण बघायला नको?"

वर्षानं खटला उभा राहिला. कोर्टात पिशवी काट्यावर चढली आणि साहेबांचा चेहरा उतरला. दोन किलो शंभर!

आरोपीचा वकील गरजला, "अकराशे ग्रॅम गेले कुठं? माल बदललाय! बाई, कितीला विकलंत?"

खटला तर बुडत होताच, पण बावीस वर्षांच्या इमानावरही शिंतोडा उडाला होता. काकू पुढं आल्या.

"वकीलसाहेब, तुमच्या घरी धुणं वाळत नाही का?"

कोर्टात खसखस पिकली. काकूंनी वही पुढं केली. बारा महिने, बारा वजनं, बारा सह्या. आधी भराभर, मग हळूहळू उतरलेली. शेवटचे चार महिने तर काटा हललाच नव्हता.

"चोर एकदम नेतो, न्यायाधीशसाहेब. पाणी असं थेंबाथेंबानं जातं."

न्यायाधीशांनी सील तपासलं, अखंड होतं. पिशवी उघडून पकडल्या दिवशीच्या फोटोशी ठिपक्यांचा मेळ घातला. ठिपक्याला ठिपका जुळला. वकील मटकन खाली बसला, आणि संध्याकाळच्या आत आरोपीला शिक्षा झाली.

सगळे काकूंभोवती जमले. साहेबांनी पिशवी कौतुकानं त्यांच्यापुढं धरली. काकूंनी हात मागे घेतले.

"सील तुटलंय. नवं लावा, वजन करा, सही द्या. मग नेते."

"काकू, जिंकलो आपण!"

"म्हणूनच."

साहेब हसले आणि लाख आणायला स्वतः धावले.