डावं मागचं चाक

ताईचा फोन आला तेव्हा मी ऑफिसात होतो. भाऊजी गेले, असं तिने सांगितलं आणि माझ्या तोंडून पहिला शब्द निघाला, "गाडीत?" ती म्हणाली, "नाही रे. पेपर वाचता वाचता, खुर्चीतच." मला क्षणभर सुटल्यासारखं वाटलं. आपला माणूस गेल्याच्या बातमीत सुटका कसली, हे दीड महिन्यानंतरही मला उमगलेलं नाही.

रेल्वेच्या नोकरीसाठी भाऊजी झाशीला आले आणि इथलेच झाले. उभी हयात मालगाडीचे डबे तपासण्यात गेली. हातात हातोडी, खिशात खडू. डब्यात खोट दिसली की त्यावर खडूची खूण करायची. ही खोड घरीही सुटली नाही. गळका नळ असो की कुरकुरणारं दार, दुरुस्त होईपर्यंत त्यावर पांढरी फुली असायची. माझ्या सुटलेल्या पोटावर तेवढी फुली राहिलीय, असं मी म्हणायचो आणि ताई हसायची. असा मापात जगणारा माणूस निवृत्त झाल्यावर जुनी, लाल, दोन सीटची स्पोर्ट्स कार घेऊन आला, तेव्हा ओरछा गेटची आमची अख्खी गल्ली बघायला लोटली. ताईला त्या बुटक्या गाडीत बसायला-उठायला त्रास व्हायचा, त्यामुळे शेजारची सीट आपोआप माझी झाली. रोज संध्याकाळी आम्ही लक्ष्मी ताल या तळ्यापर्यंत जाऊन यायचो. बोलणं फारसं व्हायचं नाही. दोन वर्षं हे असं चाललं आणि ते कधी थांबेल असं मला वाटलंच नव्हतं.

मग रुंद टायरांनी त्यांच्या डोक्यात घर केलं. कंपनीचे टायर त्यांना एकाएकी केविलवाणे दिसू लागले. मी कारखान्यातला इंजिनिअर, शहाणपणा शिकवल्याशिवाय राहवेना. म्हटलं, "भाऊजी, टायर रुंद घालताय तर स्प्रिंगाही कडक घाला. नाहीतर मागचं चाक मडगार्डला घासेल." ते म्हणाले, "स्प्रिंगा कंपनीच्याच राहतील." का, ते सांगितलं नाही. लक्ष्मी गेटजवळच्या रफीकभाईंच्या गॅरेजमध्ये टायर चढले. भाऊजींनी चाक आणि मडगार्ड यांच्यामधली जागा पट्टीने मोजली, ती बोटभर भरली, आणि स्वारी खूश झाली. मी शेजारी बसलो. पहिल्याच स्पीडब्रेकरला डावीकडून खर्रर्र... आम्ही परत फिरलो. रफीकभाई वाकून बघत म्हणाले, "बाबूजी, अकेले में तो ठीक है. दो जने बैठेंगे तो घिसेगा."

मला हसू आवरेना. "वा भाऊजी! जन्मभर डबा रिकामा वेगळा मोजलात, भरलेला वेगळा मोजलात, आणि स्वतःची गाडी तेवढी रिकामीच मोजलीत?" गॅरेजमधले चार-पाच जणही हसले. भाऊजी हसले नाहीत. माझ्याकडे न बघता म्हणाले, "शरद, तू उतर. ऑटोने जा."

मी उतरलो. त्यानंतर अडीच महिने संध्याकाळी माझ्या दारावरून ती लाल गाडी जायची, शेजारची सीट रिकामी. मी खिडकीतून बघायचो आणि फुगून बसायचो. साधे जुने टायर परत चढवले असते तर काय बिघडलं असतं? टायर मोठे की मी मोठा? असलं काहीतरी मनात घोळवत राहिलो. त्यांच्या घरी मी पाऊल टाकलं ते थेट ताईच्या त्या फोननंतर.

परवा ताई म्हणाली, ग्वाल्हेरचं एक गिऱ्हाईक गाडी घ्यायला तयार आहे, पण त्याला कंपनीचेच टायर हवेत. म्हणून गाडी रफीकभाईंकडे नेली. त्यांनी डावं मागचं चाक काढलं आणि मला जवळ बोलावलं. मडगार्डची आतली कड ठोकून ठोकून आत वळवलेली होती. तिच्यावर खडू फासलेला होता, एक पट्टा मात्र चाकाने पुसून गेलेला.

"बाबूजी खुद ठोकते थे," रफीकभाई म्हणाले. "थोड़ा ठोका, चॉक लगाया, यहीं से सीट पे गेहूँ की बोरी रखके लक्ष्मी ताल तक गए. लौटके देखते, कहाँ से पुँछा. फिर ठोकते."

"एक बोरी?"

"पहले एक. फिर बोले, नहीं भैया, वो इससे दुगना है."

मला बोलावलं असतं तर मीच येऊन बसलो असतो की! स्प्रिंगा बदलल्या असत्या तर हे सगळं एका दुपारचं काम होतं. ताई म्हणते, कडक स्प्रिंगांनी तिच्या कमरेला हिसके बसले असते म्हणून बदलल्या नाहीत. पण ती गाडीत बसायचीच कुठे? मला हे पटत नाही, आणि दुसरं कारण सापडत नाही... "आखिरी बार कब ठोका था?" मी विचारलं. रफीकभाई म्हणाले, "जाने से एक दिन पहले. बोले, अब कल देखेंगे."

मी त्यांना तेच रुंद टायर परत चढवायला लावले. दाराच्या कप्प्यात भाऊजींचा खडूचा तुकडा होता, तो त्या कडेवर नीट फासला. रफीकभाईंना चालवायला सांगून माझ्या सीटवर बसलो. लक्ष्मी तालापर्यंत गेलो, परत आलो. वाटेतल्या प्रत्येक स्पीडब्रेकरला मी डावीकडे कान लावून बसलो होतो. गॅरेजमध्ये उतरून गुडघे टेकले, आत हात घातला आणि कडेवरून बोट फिरवत नेलं.

खडू कुठेच पुसला नव्हता.