बाबा पडले

घानात राष्ट्राध्यक्ष आणि खासदार एकाच दिवशी निवडतात. इथे अमेरिकेत, कॅरीतल्या आमच्या कॉम्प्लेक्समधल्या घानाच्या शेजारणीचे वडील तिकडे खासदारकीला उभे होते. अपक्ष, आणि वय सत्तरीच्या पुढे. तिला प्रचाराला जायचं होतं, पण तिच्या व्हिसाचा अर्ज सरकारदरबारी लोळत पडलेला. तो मंजूर होण्याआधी देश सोडला, तर अर्जच रद्द. आमचीही तीच गत, म्हणून तर मैत्री जमली. चांगल्या पगाराच्या कोंडवाड्यात होतो सगळे. दोघी मिळून त्या व्हिसाच्या ऑफिसला मनसोक्त शिव्या घालायचो.

मतमोजणीच्या रविवारी मी तिला सकाळी पोह्यांना बोलावलं. तिनं फोन पर्समध्ये टाकून दिला. बघवत नाही म्हणाली. मला कुठला धीर? मी स्वयंपाकघरात जाऊन निकाल पाहिला आणि नवऱ्याच्या कानाशी लागले, "हिचे बाबा पडले. खाऊन होईपर्यंत बोलू नकोस."

परक्यासमोर मराठीत बोललं की कुणाला काही कळत नाही, हा आपला ठाम समज. आमची आठ वर्षांची लेक तिथेच दूध पीत होती. तिच्या मराठीत पडणं म्हणजे सायकलवरून पडणं, एवढंच. ती बाहेर गेली आणि अगदी शहाण्यासारखी म्हणाली, "आय ॲम सो सॉरी युअर डॅड फेल डाउन."

मी बाहेर येईपर्यंत शेजारीण घरी फोन लावत होती. पलीकडे कुणी उचलेना. आमच्याकडे निवडणुकीत पडणं म्हणजे हरणं, हे मी परोपरीनं सांगितलं. तिला वाटलं, मी समजूत काढतेय. तिनं फोनवर विमानाची तिकिटं उघडली, थोडा वेळ पाहिली आणि फोन टेबलावर पालथा ठेवला. मला भयंकर राग आला, आणि तो कुणावर काढावा ते कळेना.

शेवटी वडिलांचाच फोन आला. आवाज ठणठणीत. सपाटून आपटलो म्हणाले, आता जेवायला बसतोय. ती खूप हसली, आम्हीही हसलो. फोन ठेवल्यावर तिनं पोह्यांची बशी पुढे ओढली, पण खाल्लं नाही.

"मघाशी मला वाटलं, ते खरंच पडलेत," ती म्हणाली. "आणि तेवढ्या वेळात माझं ठरलंसुद्धा होतं. जायचं नाही."